अ‍ॅम्ब्युलन्समधून निघालेला वायरलेस सेट हॅमसाठी: सेट आणि नाशिकमधली दुरुस्ती, दोन्हींचा अनुभव

मुद्द्याचं आधी सांगते. रुग्णालयानं काढून टाकलेला अ‍ॅम्ब्युलन्सचा वायरलेस सेट हॅम रेडिओसाठी, म्हणजे लायसन्स काढून हौसेनं वायरलेसवर बोलण्यासाठी, फार चांगला असतो. त्याच पैशांत मिळणाऱ्या नव्या वॉकी-टॉकी हँडसेटपेक्षा कितीतरी चांगला. मात्र तो आणला, टेबलावर ठेवला आणि बोलायला सुरुवात केली असं करता येत नाही. त्याच्या पोटात जुन्या नोकरीचं जे जे काही आहे ते आधी निघालं पाहिजे. हे काम जबाबदारीनं करणारा एक कारागीर मला नाशिकमध्ये भेटला. हा रिव्ह्यू त्या सेटचा आहे आणि त्याच्या कामाचाही.

माझ्याबद्दल थोडं. मी कॅज्युअल्टीत स्टाफ नर्स होते, आता निवृत्त आहे. पाथर्डी फाट्याजवळ राहते. हॅमचं रिस्ट्रिक्टेड ग्रेडचं लायसन्स निवृत्तीनंतर काढलं, दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवरून अर्ज करून. म्हणजे माझं कॉल साइन, हवेतली माझी ओळख, व्हीयू३ नं सुरू होतं. वायरलेसचं वेड मात्र नोकरीतलंच. गाडी येतेय, पेशंट बेशुद्ध आहे, ऑक्सिजन लावलाय, हे सगळं त्या खरखरीतून आमच्यापर्यंत यायचं आणि गाडी दारात लागेपर्यंत आमची ट्रॉली तयार असायची. २००३ च्या सिंहस्थात चेंगराचेंगरी झाली त्या दिवशीही मी ड्युटीवर होते. गर्दीत निरोप पोहोचणं म्हणजे काय असतं, ते त्या दिवसानंतर मला कुणी समजावून सांगायची गरज उरली नाही.

सेट आहे मोटोरोला जीएम ३३८. एका ट्रस्टच्या रुग्णालयानं गाड्यांमधली वायरलेस बंद करून सगळा कारभार मोबाइलवर नेला, तेव्हा हे सेट स्टोअरमध्ये पडून होते. भंगारात जायचे होते. ओळखीतून कळलं म्हणून मी रीतसर अर्ज केला. लायसन्सची झेरॉक्स जोडली. त्यांनी सेटच्या सिरियल नंबरासह पत्र दिलं आणि ३,००० रुपयांची पावती फाडली. हे कागद जपून ठेवा असं मी प्रत्येकाला सांगते. आपल्याकडे १९३३ च्या वायरलेस कायद्यापासून विनापरवाना सेट नुसता जवळ बाळगणंसुद्धा गुन्हा आहे. लायसन्स हातात नसेल तर "आधी सेट घेऊन ठेवू, परीक्षा मग देऊ" हा विचार डोक्यातून काढून टाका. आमच्या ओळखीतल्या एका मुलानं ऑनलाइन कुठूनतरी असाच एक सेट बिनकागदाचा घेतला. तो कुणाचा, कुठून निघालेला, याचा पत्ता नाही. आता विकता येत नाही आणि वापरायलाही जीव धजत नाही.

जीएम ३३८ च का? माझा सेट व्हीएचएफचा आहे, १३६ ते १७४ मेगाहर्ट्झ चालणारा. आपल्याकडे हॅमसाठी दोन मीटरचा (म्हणजे साधारण दोन मीटर तरंगलांबीचा) पट्टा आहे १४४ ते १४६. तो यात सरळ बसतो, आत काही कापाकापी करावी लागत नाही. जुन्या काही सेटांचा पट्टा १४६ पासून पुढे सुरू होतो. अमेरिकेत हॅमना १४८ पर्यंत मुभा असल्यानं तिथल्या लोकांचं त्यावरही भागतं. आपलं तर नेमकं १४६ लाच संपतं. यूएचएफचा, म्हणजे त्याहून वरच्या फ्रिक्वेन्सीचा, सेट मिळाला तर तो ४३४ ते ४३८ मध्ये चालतो का, हे आधी बघा. याच मॉडेलचा ४०३ ते ४७० वाला प्रकार चालतो. सेटच्या मागच्या लेबलवर मॉडेल नंबर असतो, तो कारागिराला फोनवर वाचून दाखवला तरी तो सांगतो.

अमेरिकेचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. सत्तरच्या दशकात तिथे रुग्णवाहिकांसाठी 'मेड' नावाचे वेगळे चॅनल राखून ठेवले. मेड-१ म्हणजे ४६३.००० मेगाहर्ट्झ, तिथून २५-२५ किलोहर्ट्झच्या पायऱ्यांनी मेड-८ पर्यंत, म्हणजे ४६३.१७५. रुग्णवाहिकेकडून बोलायचं ते बरोबर ५ मेगाहर्ट्झ वर, ४६८ मध्ये. मोटोरोलाची 'ॲपकॉर' नावाची नारिंगी पेटी पॅरामेडिक हातात घेऊन पेशंटच्या घरात शिरायचे. पेशंटचा ईसीजी सुरात बदलून रेडिओवरून जायचा आणि डॉक्टर रुग्णालयात बसून त्याची पट्टी काढून बघायचे. ज्यानं आयुष्यभर ईसीजीच्या पट्ट्या फाडल्या त्या माणसाला हे वाचताना काय वाटतं ते मला शब्दांत नाही सांगता येणार. पुढे त्या पेट्या निवृत्त झाल्या. तिथल्या हॅमचा पट्टा ४२० ते ४५०, म्हणजे अगदी शेजारी. काही हौशी लोकांनी फ्रिक्वेन्सी ठरवणारे क्रिस्टल बदलून आणि फिल्टर पुन्हा जुळवून त्या पेट्या स्वतःच्या पट्ट्यावर आणल्या. २०१३ च्या सुरुवातीपासून तिथे व्यावसायिक सेटांना अरुंद चॅनलची सक्ती झाली, तेव्हा आणखी कितीतरी चांगले सेट बाहेर पडले. आपल्याकडे क्रिस्टल बदलायची वेळ येत नाही, कारण आपल्या हाती येणारे सेट बहुतेक सॉफ्टवेअरनं चॅनल भरायचे असतात. त्यामुळे काम सोपं वाटतं आणि लोक ते अर्धवट करतात.

आता कारागिराबद्दल. एम. जी. रोडच्या मागच्या गल्लीत, खाली मोबाइल कव्हरची दुकानं, वर अरुंद जिना. खोली दहा बाय दहाची असेल. टेबलावर दोन पॉवर सप्लाय, वॉटमीटर, डमी लोड (तपासताना ॲन्टेनाऐवजी लावायचा भार), आणि सिरियल पोर्ट असलेला जुना लॅपटॉप. त्याच्यावर विंडोज एक्सपी. जुने मोटोरोला सेट प्रोग्रॅम करता यावेत म्हणून हा लॅपटॉप त्यानं जपलाय. तो स्वतः हॅम आहे. पहिला प्रश्न त्यानं विचारला, "ताई, पत्र आणलंय का?" सेट पिशवीतून काढायच्या आधी. मला तिथेच विश्वास बसला.

त्यानं सेटमधला कोडप्लग वाचला. कोडप्लग म्हणजे सेटची सगळी मांडणी: चॅनल, सूर, बटणांची कामं, ओळख क्रमांक. स्क्रीनवर रुग्णालयाच्या चॅनलची नावं आली. कंट्रोल, गाडी ते गाडी, कॅज्युअल्टी. ते शेवटचं नाव बघून मी थोडा वेळ गप्प बसले. तो म्हणाला, "हे सगळं जाणार, चालेल ना?" चालेल नाही, गेलंच पाहिजे. ती फ्रिक्वेन्सी रुग्णालयाच्या लायसन्सवर होती, उद्या ती आणखी कुणाला मिळेल. तिथे आपल्या सेटवरून चुकूनही हुंकार निघता कामा नये. "नुसतं ऐकायला ठेवतो" म्हणणारेही मला भेटलेत. त्यांना मी एवढंच विचारते, तुमच्या आईचं बीपी, तिचं नाव, तिचा पत्ता कुणी त्रयस्थ माणूस घरी बसून ऐकत असता तर?

बहुतेक दुरुस्तीवाले इथेच थांबतात. जुने चॅनल पुसले, हॅमचे भरले, पैसे घेतले. ह्यानं पुढे काय केलं ते नीट सांगते, कारण माझ्या मते या कामाची खरी कसोटी तीच आहे.

अ‍ॅम्ब्युलन्सच्या डॅशबोर्डखाली एक छोटं बटण असतं, ड्रायव्हरच्या हाताला लागेल असं. मारामारी झाली, गाडी अडवली, तर ड्रायव्हरनं माइक न उचलता ते दाबायचं. ते सेटच्या मागच्या ॲक्सेसरी सॉकेटला जोडलेलं असतं. रुग्णालयानं सेटबरोबर ते वायरसकट दिलं होतं, मी ते निरुपयोगी समजून पिशवीच्या तळाशी टाकलं होतं. त्यानं ते मागून घेतलं. सेटमध्ये आपल्या पट्ट्यातला एकच चॅनल भरला, ॲन्टेनाच्या जागी डमी लोड लावला, बटण जोडलं आणि मला दाबायला सांगितलं. शेजारी ठेवलेल्या हँडसेटमधून आधी 'चिर्र' असा बारीक आवाज आला. तो सेटचा ओळख क्रमांक. मग दोन क्षण शांतता. आणि मग त्याच हँडसेटमधून खोलीतल्या पंख्याचा आवाज यायला लागला. माइक हुकवर होता, कुणी पीटीटी (माइकवरचं बोलायचं बटण) दाबलेलं नव्हतं. सेट आपणहून उघडला होता आणि आजूबाजूचं सगळं बाहेर पाठवत होता. ड्रायव्हर संकटात असताना कंट्रोलला गाडीतलं ऐकू यावं म्हणून केलेली ती सोय. चॅनल बदलले तरी ही मांडणी सेटमध्ये तशीच राहते. समोरच्या पॅनलवरच्या एखाद्या बटणालाही ती दिलेली असू शकते. घरी नातवंडांनी ते बटण दाबलं असतं तर माझ्या दिवाणखान्यातलं बोलणं आख्ख्या नाशिकच्या हॅमनी ऐकलं असतं आणि तेवढा वेळ चॅनल अडून राहिला असता, तो भाग वेगळाच.

त्यानं एकेक करून सगळं काढलं. इमर्जन्सीची मांडणी, ओळख क्रमांक, पीटीटी दाबताच वाजणारी ती चिर्र, आणि बोलणं गुप्त ठेवायचा पर्याय. हॅममध्ये गुप्त बोलायची परवानगीच नाही. आपलं बोलणं कुणालाही समजलं पाहिजे आणि ओळख द्यायची ती कॉल साइननं. मग लॅपटॉपवर वाचताना जतन झालेली जुनी फाइल त्यानं माझ्यासमोर डिलीट केली आणि रिसायकल बिनही रिकामं केलं. मी सांगितलं नव्हतं. हे त्यानं आपणहून केलं, म्हणून मी हा रिव्ह्यू लिहायला बसले.

टाइम-आउटबद्दलही त्यानं विचारलं. व्यावसायिक सेट एका मिनिटानंतर बोलणं तोडतो, कारण गाडीवाल्यांनी चॅनल अडवून ठेवू नये. हॅमच्या गप्पांत माणूस मध्येच तुटतो. बरेच जण तो काढूनच टाकतात. त्यानं तीन मिनिटं ठेवायला सुचवलं, कारण माइकवर वही पडून बटण दाबलेलंच राहिलं तर सेट जळण्याआधी बंद तरी होईल. मला पटलं.

गाडीतल्या सेटला आणखी एक खोड असते. तो गाडीच्या चावीबरोबर चालू-बंद व्हायला शिकवलेला असतो. घरी नुसती पॉवर दिली की सेट मेल्यासारखा पडून राहतो आणि लोकांना वाटतं बिघडला. ती मांडणी बदलली की समोरच्या बटणानं चालू होतो. विकत घेताना "सेट चालूच होत नाही" म्हणून कुणी भाव पाडून देत असेल, तर कारण कधी कधी एवढंच असतं.

ॲन्टेनाच्या बाबतीत मात्र कारागिराशी माझं पटलं नाही. गाडीच्या टपावरची मूळ काडीच वापरा, चालेल, असं तो म्हणाला. ती काडी १६० च्या आसपासच्या फ्रिक्वेन्सीसाठी कापलेली होती, म्हणजे साधारण ४५ सेंटीमीटर. १४५ साठी पाव तरंगलांबीची काडी साधारण ४९ सेंटीमीटर हवी. चार सेंटीमीटरचा फरक वाटतो किरकोळ, पण एसडब्ल्यूआर मीटर (ॲन्टेना किती जुळलाय ते दाखवणारा) लावल्यावर काटा लगेच बोलतो. मी नवी काडी घेतली, गच्चीवर पत्र्याच्या चौकोनावर बसवली आणि मिलीमीटर मिलीमीटर कापत जुळवली. त्यानं दिलेल्या केबलचा एक कनेक्टर सैल निघाला, तो मला परत डाग लावून घ्यावा लागला. शनिवारी देतो म्हणून शनिवार उलटून गेला. पावतीही मागितल्यावरच मिळाली. कामाच्या मानानं या गोष्टी लहान आहेत, पण दुकान चालवायचं तर सुधारायला हव्यात.

प्रत्यक्ष हवेत कसा आहे? आवाज जाड आणि स्वच्छ. समोरची माणसं म्हणतात की तू खोलीत बसून बोलतेयस असं वाटतं. सायरन चालू असताना ऐकू यावा म्हणून केलेला स्पीकर, त्यामुळे कुकरची शिट्टी चालू असतानाही स्वयंपाकघरातून मला ऐकू येतो. पण खरी किंमत आहे ती रिसीव्हरची. माझा स्वस्त हँडसेट आमच्या भागातल्या मोबाइल टॉवरजवळ नेला की नुसता फरफर करतो, शेजारचं भलतंच काही आत घेतो. हा सेट त्याच जागी शांत बसतो आणि हव्या त्या स्टेशनलाच तोंड उघडतो. देवळाली कॅम्प, नाशिकरोड, सिन्नर विनासायास. त्र्यंबकला मात्र खरखर, कारण मध्ये अंजनेरी आडवा येतो. व्हीएचएफला डोंगर ओलांडता येत नाही, तिथे वॉट वाढवून काही होत नाही. इगतपुरीहून एकदा गाडीतून बोलणारा मित्र घाट उतरायला लागला आणि वाक्याच्या मधोमध गायब झाला. पांडवलेणीच्या पायऱ्यांवरून हाच मित्र हँडसेटवर बोलला तर आमच्या घरी लखलखीत येतो.

सगळ्यात जास्त आनंद दिला तो आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकानं. एक चॅनल १४५.८०० चा भरून ठेवलाय, फक्त ऐकायला. अंतराळवीर शाळेतल्या मुलांशी बोलतात ते याच फ्रिक्वेन्सीवर, आणि कधी कधी तिथून चित्रंही येतात, सुरांच्या रूपात. स्थानक इतक्या वेगानं जातं की फ्रिक्वेन्सी सरकते, पण दोन मीटरवर हे सरकणं साडेतीन किलोहर्ट्झच्या आसपास असतं, २५ किलोहर्ट्झच्या रुंद चॅनलमध्ये सहज मावतं. म्हणून चॅनलवाला सेट असूनही इथे काही अडत नाही. फक्त प्रोग्रॅम करताना चॅनल रुंद ठेवायला सांगा. १२.५ वर ठेवला तर आवाज कडेला फाटतो.

कमी काय आहे तेही ऐका. बटण फिरवून हवी ती फ्रिक्वेन्सी लावता येत नाही. १२८ चॅनल भरता येतात आणि जे भरले तेच मिळतात. नवा चॅनल हवा की परत तो जिना. मित्रानं गप्पांच्या ओघात "दहा किलोहर्ट्झ वर ये" म्हटलं तर मला जाता येत नाही. ज्यांना पट्टा धुंडाळत फिरायला आवडतं त्यांनी हा सेट घेऊ नये. वजन आहे. १२ व्होल्टचा दमदार सप्लाय लागतो, मोबाइलच्या चार्जरवर भागत नाही. आणि गाडीवाल्यांचं बोलणं चार शब्दांचं असतं, त्या हिशेबानं हे सेट बनवलेले असतात. लांब गप्पा मारल्या की मागचा पत्रा तापतो. माझा २५ वॉटचा प्रकार आहे, मी तो १० वर उतरवून घेतलाय आणि मला त्यानं कुठे उणं पडलेलं नाही.

खर्च सांगते: सेट ३,०००, वाचणं-पुसणं-भरणं आणि आतून साफसफाई मिळून १,८००, सप्लाय २,२००, काडी आणि केबल १,५००. साडेआठ हजारांत उभं राहिलेलं हे स्टेशन २०२७ च्या सिंहस्थात मला गच्चीवर तयार हवं आहे. २००४ च्या डिसेंबरात त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हॅम मोहिमेसाठी अंदमानात होते, आणि त्यांच्या सेटांवरून माणसांचे निरोप मुख्य भूमीपर्यंत पोहोचले. सेट लावलेला होता आणि माणसं तयार होती म्हणून ते झालं. रुग्णालयांच्या स्टोअरमध्ये आज असे किती सेट धूळ खात असतील! प्रशासनातल्या माणसांना माझी कळकळीची विनंती आहे, ते किलोच्या भावानं देऊ नका. आधी चॅनल पुसून घ्या, मग लायसन्स असलेल्या हॅमला पत्रावर द्या.

घ्यायला जाल तेव्हा मूळ माइक, पॉवर केबल आणि सेट बसवायची पट्टी मागून घ्या. माइक वेगळा शोधायला गेलात तर नाकी नऊ येतात. ते डॅशबोर्डखालचं बटणही दिलं तर आणा, तपासणीला लागतं. कारागिराकडे जाण्याआधी फोन करा, तो संध्याकाळी चारनंतरच भेटतो, आणि कागद बरोबर नसतील तर सेटला हात लावत नाही.